बारावं गिऱ्हाईक

"तिसरा गिअर घालताना कुरकुरते," धन्यकुमार दोशी म्हणाले. "थंडीत लवकर सुरू होत नाही. पावसात टपातून पाणी गळतं, तेही नेमकं चालवणाऱ्याच्या मांडीवर. आणि ऑइल पिते, मॅडम. म्हैस पाणी पिते तशी पिते."

हे सगळं ते माझ्याकडे न बघता गाडीकडे बघत सांगत होते. फलटणला त्यांच्या बंगल्यामागं पत्र्याची मोठी शेड होती. आयुष्यभर त्यांनी शेतीच्या पंपांची एजन्सी चालवली होती, त्यामुळे एका भिंतीला जुन्या पंपांचे सांगाडे रचून ठेवलेले. आणि मधोमध, लख्ख पुसलेल्या फरशीवर, ती उभी होती. गडद हिरवी. दोन दारं, दोन सीटा, उंची माझ्या कमरेपेक्षा जेमतेम वीतभर जास्त, कापडी टप मागं दुमडलेला. सतरा वर्षांची जुनी जपानी स्पोर्ट्स कार. इंग्लंडहून कायमचे परत आलेल्या एका डॉक्टरनं ती जहाजातून आणली होती आणि पुढं दोशींना विकली होती. तिचे पुढचे दिवे बोनेटच्या पत्र्यात मिटून गेलेले असत. बटण दाबलं की पापण्या उघडाव्यात तसे वर येत.

दोशींनी बटण दाबून दाखवलं आणि म्हणाले, "डावा कधीकधी उघडत नाही."

डावा उघडला होता. उजव्याच्या बरोबरीनं.

विकणारा माणूस असा बोलतो हे मी पहिल्यांदाच बघत होते. मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते. साताऱ्याच्या तंत्रनिकेतनात मशीन ड्रॉइंग शिकवायचे. वीस वर्षं फळ्यावर गिअरबॉक्सचा छेद काढत आले होते, कुठला दात कुठल्या दातात बसतो ते डोळे मिटून सांगितलं असतं. पण स्वतः चालवायची ती चार दारांची पांढरी गाडी, जिचा गिअर बदलणं म्हणजे पिठलं घोटणं. त्या जूनमध्ये मुलगी नागपूरला वसतिगृहात गेली आणि मागची सीट रिकामी झाली. डिसेंबरात एका रविवारी पेपरात तीन ओळींची जाहिरात दिसली. मी ती प्रमोदला, माझ्या नवऱ्याला, वाचून दाखवली. तो म्हणाला, बघायला काय जातंय.

सोबत बशीरभाई मुलाणी आले होते. पंधरा वर्षं आमची गाडी त्यांच्याच गॅरेजात जात होती. माणूस मितभाषी. दोशींचं सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी फक्त मान हलवली, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि दोन तास गाडीच्या अंगाखांद्यावर काढले. ऑइलची कांडी काढून पुसली, परत घातली, परत काढली. इंजिन गरम करून मागच्या नळकांड्यापाशी पांढरा रुमाल धरला. टप चढवून त्यावर दोन बादल्या पाणी ओतलं आणि आत बसून राहिले. शेवटी फरशीवर उताणे झाले आणि दाराखालच्या पत्र्याला स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकानं टोचत गेले. एके ठिकाणी ते टोक आत गेलं. बशीरभाईंनी ते हळूच बाहेर काढलं आणि पुढची जागा टोचली.

तेवढ्यात दोशींच्या पत्नी चहा घेऊन आल्या. विमलकाकू. साठीच्या, बारीक अंगाच्या, बोलायला मऊ. मी कप घेतला तेव्हा त्यांनी विचारलं, "आवडली का हो?" त्या विचारण्यात काहीतरी होतं, जे चहा विचारताना नसतं. मी आवडली म्हणाले. दोशींनी लगेच सांगितलं की आधीच्या अकरा जणांनाही आवडली होती, पण घरी जाऊन विचार केल्यावर एकही फिरकला नाही.

परतताना आम्ही आदर्की घाट चढून गेलो. वाठार स्टेशनपाशी चहाला थांबलो तेव्हा बशीरभाई म्हणाले, "मॅडम, तो माणूस खोटं बोलतोय."

मी कप खाली ठेवला. "म्हणजे गाडी गेलेली आहे?"

"उलट. गाडी चांगलीय. तो वाईट सांगतोय ते खोटं आहे. टप गळत नाही, ऑइल पीत नाही, तिसरा गिअर लोण्यासारखा पडतो. दाराखाली डाव्या बाजूला पत्रा गंजलाय, हातभर तरी, ते मात्र त्यानं सांगितलं नाही." बशीरभाईंनी बशीत चहा ओतला. "तीस वर्षांत असा विकणारा बघितला नाही. विकायचीच नसेल तर जाहिरात कशाला दिली?"

पुढचे आठ-दहा दिवस मी घरात त्या गाडीचंच दळण दळत होते. प्रमोद पाटबंधारे खात्यात होता. कुठलंही धरण बांधण्याआधी ते फुटलं तर काय होईल हे बघायची त्याला सवय. त्यानं आवाज न चढवता एकेक प्रश्न विचारला. काच फुटली तर कुठून आणणार? टायर मिळतात का? आपल्या गल्लीतला गतिरोधक ती पोटाला न घासता ओलांडेल का? एअरबॅग नाही, डोक्यावर पत्रा नाही. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला तर ट्रॅक्टरवाल्याला ती दिसेल तरी का? मी म्हणायचे, तिच्यात बसलं की रस्ता कसा हाताला लागतो, ते तू बसल्याशिवाय कळणार नाही. तो म्हणायचा, मी बसल्यावर तू कुठं बसणार? मग म्हणायचा, बरोबर, दोनच सीटा आहेत. आणि आम्ही दोघं हसायचो. पण हसून प्रश्न सुटत नव्हता. माझं मन सकाळी तिच्या बाजूनं असायचं, संध्याकाळपर्यंत फिरायचं.

अकराव्या दिवशी कॉलेजात असताना मोबाइल वाजला. विमलकाकू होत्या. नंबर त्यांनी नवऱ्याच्या वहीतून घेतला होता आणि शेजाऱ्यांच्या घरून बोलत होत्या.

"ताई, तुम्ही घ्या ती गाडी," त्या म्हणाल्या. "किंमत काय ठरवायची ती तुम्ही ठरवा. यांनी काही सांगितलं तरी मनावर घेऊ नका. फक्त लवकर न्या."

मी विचारलं, काकू, असं काय झालंय? त्या म्हणाल्या की घरातली गोष्ट आहे, बाहेर काढायची नाही म्हणून नवऱ्यानं त्यांना शपथ घातलीय. आणि फोन ठेवला.

प्रमोदला सांगितलं तेव्हा तो पहिल्यांदाच जरा कडक बोलला. नवरा चांगल्या गाडीला वाईट म्हणतो, बायको मिळेल त्या भावात न्या म्हणते. यात काहीतरी काळंबेरं आहे, अपघात असेल, पोलीस केस असेल. तू यातून बाहेर पड. मला ते पटलं. खरंच पटलं. पण काकूंचा आवाज काही केल्या डोक्यातून जाईना. मी म्हटलं, एकदा जाऊन येते, एक लांबची चक्कर मारून बघते आणि तोंडावर नाही सांगून येते. फोनवर नाही सांगणं बरं दिसणार नाही. मी हे खरं बोलत होते की आणखी एकदा त्या गाडीत बसायला निमित्त शोधत होते, हे मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं.

जानेवारीतला शनिवार होता. बशीरभाई आणि मी आमच्या पांढऱ्या गाडीतून नऊच्या सुमाराला पोचलो. हिरव्या गाडीत जागा दोघांचीच, म्हणून बशीरभाई ओसरीवर काकूंजवळ थांबले. गावाबाहेर पडेपर्यंत मी चालवतो, असं दोशी म्हणाले. पुढं कालव्याकडेचा रस्ता मोकळा आहे, तिथून तुम्ही घ्या. काकू पायरीवर उभ्या होत्या. त्या पटकन म्हणाल्या, "ताईंनाच चालवू दे की इथून." दोशींनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि किल्ली फिरवली.

चालवत ते फार सुरेख होते. गिअरच्या दांड्यावर हात ठेवायचे तो नुसता टेकवल्यासारखा, आणि दांडा मनगटाच्या एका हालचालीत जागेवर जायचा. टप उघडा होता. उसाच्या फडांवरून येणारी गार हवा, कारखान्याच्या मळीचा वास, बुडाखाली अगदी वीतभरावर पळणारा रस्ता. आपण गाडीत बसलोय असं वाटत नव्हतं, गाडी अंगात घातलीय असं वाटत होतं. मी त्यांना सांगून टाकलं की दोष कितीही सांगा, ही सोडवत नाही. ते हसले. पहिल्यांदाच हसले. म्हणाले, डॉक्टरांकडून आणली त्या दिवशी पुण्याहून निघालो तो घरी न येता तसाच महाबळेश्वरला गेलो होतो. विमल शेजारी होती. पाचगणीच्या वळणावर तिनं...

आणि ते थांबले.

मला वाटलं आठवतायत. मी रस्त्याकडे बघत राहिले. डाव्या हाताला कालवा लागला होता, काठोकाठ भरलेला, तरी गाडी अजून त्यांच्याच हातात होती. पुढं शंभर-दीडशे पावलांवर खुरपणीला निघालेल्या पाच-सहा बाया, डोक्यावर पाट्या, रस्त्याच्या कडेनं ओळीनं चाललेल्या. गाडी हळूहळू डावीकडं, त्यांच्या दिशेनं सरकत होती. मी म्हटलं, "काका, बाया आहेत." उत्तर नाही. मी वळून बघितलं. दोशी समोर बघत होते, डोळे उघडे होते, ओठ काहीतरी चघळल्यासारखे हलत होते. पण त्या डोळ्यांमागं कुणी नव्हतं.

मी काय केलं ते मला आजही क्रमानं आठवतं. हाक मारण्यात वेळ घालवला नाही. उजव्या हातानं गिअरचा दांडा दाबून मधे आणला, म्हणजे इंजिन चाकांपासून सुटलं. त्यांचा पाय तसाच दाबलेला, त्यामुळे इंजिन किंचाळायला लागलं. डाव्या हातानं स्टिअरिंग धरून उजवीकडं ओढलं. बायांतली शेवटची मागं वळून बघत होती. तिचा पदर माझ्या बाजूच्या आरशाला लागला. मग दोन सीटांच्या मधला हातब्रेक, एकदम नाही, थोडा थोडा, मागची चाकं घसरणार नाहीत इतपतच ओढत गेले. गाडी उजव्या कडेच्या बाभळीच्या अलीकडं, मुरुमात, तिरकी होऊन थांबली. मी त्यांच्यासमोरून हात घालून किल्ली बंद केली.

एवढी शांतता झाली की कालव्याच्या पाण्याचा आवाज ऐकू आला.

अर्धा-पाऊण मिनिट गेलं असेल. दोशींनी एक लांब श्वास घेतला, डोळे मिचकावले, समोरच्या बाभळीकडे बघितलं. "का थांबवली?" त्यांनी विचारलं. जीभ जड झाली होती. "मी काय सांगत होतो?"

तोवर त्या बाया धावत आल्या. सर्वांत पुढं होती तिच्या हातात खुरपं होतं आणि तोंडात आमच्या सात पिढ्या. डोळं फुटलंत का, रस्ता काय बापाचा हाय का, आमच्या घरी लेकरं न्हाईत व्हय, असं बोलत ती दोशींच्या बाजूला आली आणि त्यांचं तोंड बघून एकदम गप्प झाली.

"शेठ?" ती म्हणाली. "तुमी व्हय?" मग माझ्याकडं बघून हळू आवाजात, "बाई, शेठला बरं न्हाई का? आमच्या हिरीवर त्येंच्याच दुकानातली मोटर हाय." तिनं खुरपं पाटीत टाकलं, दुसरीच्या हातातली पाण्याची बाटली घेतली, झाकण काढलं आणि त्यांच्यासमोर धरली. "घ्या, शेठ. उन्हाचं आलं आसंल डोळ्यापुढं."

जानेवारीत सकाळी साडेनऊला कुठलं ऊन? दोशींनी ते पाणी घेतलं. निम्मं शर्टावर सांडलं. तिनं शिव्या दिल्या असत्या तर त्यांनी त्या ऐकून घेतल्या असत्या. या पाण्यानं मात्र त्यांना काही सुचेना. बाया गेल्या, पाठमोऱ्या लांबवर दिसत राहिल्या, आणि ते त्यांच्याकडेच बघत होते. मोजत असावेत.

मग त्यांनी सगळं सांगितलं. एका दमात नाही, तुकड्या-तुकड्यांनी. सव्वा वर्षापूर्वी जेवताना घास हातात धरून असेच थिजले होते. नंतर एकदा दुकानात, गिऱ्हाइकासमोर. पुण्याच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या, फिट्सचाच एक प्रकार म्हणाले. गोळ्या दिल्या आणि सांगितलं की वर्षभर एकही झटका आला नाही तरच गाडीला हात लावायचा. गोळ्यांनी सुस्ती येते म्हणून ते निम्म्याच घेत. आणि रोज पहाटे साडेपाचला, रस्ते मोकळे असतात म्हणून, ही गाडी काढून लोणंदच्या रस्त्यानं जाऊन येत. काकूंनी किल्ली लपवली तर दोन दिवस जेवले नाहीत. शेवटी काकूंनी विका म्हणून धरणं धरलं, तेव्हा हो म्हणाले, जाहिरातही दिली.

"जाहिरात द्यायचं कबूल केलं होतं," ते म्हणाले. "गिऱ्हाईक परत येईल असं कबूल केलं नव्हतं."

मी दार किलकिलं करून चाक मुरुमात किती रुतलंय ते बघितलं.

"ताई, एक ऐकाल? गाडी तुम्ही आज घेऊन जा. म्हणाल त्या किमतीला. पण आत्ता झालं ते विमलला सांगू नका."

खरं सांगते, क्षणभर मला मोह झाला. गाडी मिळत होती, माणूस गाडीपासून सुटत होता, काकूंना हवं ते होत होतं. झाकून टाकायला काय हरकत होती? पण ते गोळ्या निम्म्या घेत होते. गाडी गेली तरी दारात त्यांची स्कूटर होती. आणि आरशाला लागलेला तो पदर मी बघितला होता.

"मी नाही सांगणार," मी म्हटलं. "तुम्ही सांगायचं. माझ्यासमोर. नाहीतर गाडी नको मला."

ते दार उघडून उतरले, बोनेटला हात टेकत टेकत पलीकडून आले आणि माझ्या बाजूचं दार उघडून उभे राहिले. मी उठून उजवीकडे गेले.

तशी ती गाडी मी पहिल्यांदा चालवली. एक आजारी माणूस शेजारी, माझे हात घामेजलेले. अशा वेळी आनंद व्हायला नको होता. पण पहिल्यावरून दुसरा गिअर पडला, दुसऱ्यावरून तिसरा, आणि वीस वर्षं फळ्यावर काढलेले ते सगळे दात माझ्या तळहाताखाली एकमेकांत बसताना मला जाणवले. मला लाज वाटली आणि आनंदही झाला. दोन्ही खरं होतं. शेजारून दोशी हळूच म्हणाले, "आता जरा पाय सोडा. ती स्वतःहून जाते."

काकू पायरीवर जशा उभ्या होत्या तशाच होत्या. बशीरभाई नंतर म्हणाले, तुम्ही गेल्यापासून त्या बसल्याच नाहीत, चहा पुढ्यात गार झाला. मी चालवतेय हे बघितल्यावर त्यांचा हात खांबाकडे गेला. दोशी उतरले, ओसरीपर्यंत गेले आणि खालच्या पायरीवर बसले.

"विमल, आज आला होता," ते म्हणाले. "कालव्यावर. बाया होत्या रस्त्याला. या ताई नसत्या तर..." मी सांगितलं, कुणाला काही झालं नाही, काकू. एकीलाही नाही.

काकू रडतील असं मला वाटलं होतं. त्या त्यांच्या शेजारी पायरीवर बसल्या आणि दोन्ही हात मांडीवर उपडे ठेवले, खूप लांबून आणलेलं ओझं उतरवल्यावर माणूस ठेवतो तसे. मग अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, "सव्वा वर्ष झालं. रोज पहाटे तुम्ही गाडी काढली की मी उठून या पायरीवर येऊन बसते. गाडीचा आवाज परत कानावर येईपर्यंत. थंडी म्हणत नाही, पाऊस म्हणत नाही."

दोशींनी मान वर केली. "मला वाटायचं तू झोपलेली असतेस."

"आवाज आला की जाऊन पडायचे."

बशीरभाई उठून फाटकापाशी गेले आणि तिथं उगाचच रस्ता बघत राहिले. मीही बाजूला झाले आणि प्रमोदला फोन लावला. झालं ते सगळं सांगितलं. तो आधी फक्त, तुला लागलं नाही ना, एवढंच दोनदा विचारत राहिला. मला वाटलं आता म्हणेल, नीघ तिथून. तो म्हणाला, "मग आता ती गाडी तिथं ठेवून येऊ नकोस."

"अरे, पण टायर, काच, गतिरोधक..."

"ते बघू आपण. ते सगळं बघता येतं."

मी व्यवहाराचं बोलायला शेडमध्ये गेले तेव्हा दोशी तोंड धुऊन आले होते. एका जुन्या पंपाच्या सांगाड्यावर बसले, मला समोर बसायला लावलं आणि म्हणाले, आता खरं सांगतो, लक्षात ठेवा. टायर आधी सहा महिने सांगून ठेवावे लागतात. मागची काच प्लास्टिकची आहे, थंडीत आधी तिची चेन उघडल्याशिवाय टप दुमडायचा नाही, चिरते. ओल्या रस्त्यावर वळणात असताना एकदम पाय काढायचा नाही, मागून फिरते. उलटली तर डोक्यावर कापडच आहे, हे कधी विसरायचं नाही. आणि डाव्या दाराखाली पत्रा गंजलाय.

"हे त्या दिवशी नाही सांगितलंत," मी म्हटलं.

"खोटे दोष सांगताना काही वाटत नव्हतं," ते म्हणाले. "खरा सांगवेना." मग म्हणाले, "हिच्यात बसलं की माणूस आपलं वय विसरतो. तुम्ही घेताय ते त्याचसाठी. पण आपल्याला काय झालंय तेही विसरतो. तेवढं सांभाळा."

दुपारी मी निघाले तेव्हा ते फाटकापर्यंत आले नाहीत. काकू आल्या. पुढं मी हिरव्या गाडीत, मागं बशीरभाई पांढऱ्या गाडीत, असे आम्ही आदर्की घाट चढलो. वरच्या वळणावर मी गाडी बाजूला घेतली आणि पाच मिनिटं नुसती बसून राहिले. छातीवरचं काहीतरी उतरलं होतं. ते माझं नव्हतंच, तरी उतरलं होतं.

याला आता बारा वर्षं झाली. गाडी आहे. डाव्या दाराखालचा पत्रा बशीरभाईंनी दोनदा बदलला. गल्लीतला गतिरोधक मी गाडी तिरकी करून ओलांडते, पोरं बघायला थांबतात. एकदा काच गेली तेव्हा गाडी सात महिने झाकून ठेवावी लागली आणि प्रमोद एका शब्दानं बोलला नाही. ओल्या रस्त्यावर वळणात मी पाय काढत नाही. दोशींना गोळ्या लागू पडल्या. स्कूटर त्यांनी आपण होऊन विकली.

पण मला सगळ्यांत जास्त आठवते ती त्या शनिवारनंतरची मंगळवारची सकाळ. नावबदलीच्या कागदावर एका ठिकाणी त्यांची सही राहिली होती. कॉलेजला निघण्याआधी विचारून घ्यावं म्हणून मी पावणेआठला त्यांच्या घरी फोन केला. काकू उचलतील असं वाटलं होतं. दोशींनी उचलला. आवाज इतका बारीक की मला वाटलं परत काही झालं. मी घाबरून विचारलं, काका, बरं आहे ना?

"बरंय, बरंय," ते कुजबुजत म्हणाले. "हळू बोलतोय, कारण विमल झोपलीय. परवापासून अशीच झोपते. चहा मी केलाय. तिचा एकदा गरम केला, आता परत करीन. पण उठवत नाही."